मुलांना ‘सांग’ म्हणण्याआधी



आयोजकांनी मला विषय दिला आहे : ‘लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण – शाळेतलं आणि वस्तीतलं शिक्षण’. विषय मोठा आहे आणि वेळ पाऊण तासाचा. म्हणून कायद्याची सगळी कलमं मी सांगत बसत नाही, त्याची पुस्तिका बाहेर टेबलावर ठेवली आहे. गेली दहा-बारा वर्षं शाळांमधून आणि वस्त्यांमधून हे काम करताना आमचं काय चुकलं आणि त्यामुळे कामाची पद्धत कशी बदलली, तेवढंच सांगते. चुकलं तिथूनच सुरुवात करते, कारण ती चूक आजही अनेक ठिकाणी तशीच चालू आहे.

२०१३ सालची गोष्ट. एम.एस.डब्ल्यू. करून मी नुकतीच एका संस्थेत लागले होते. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण सगळे पॉक्सो म्हणतो, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला होता. शाळाशाळांतून ‘गुड टच, बॅड टच’ची सत्रं घ्यायची एकदम मागणी आली. मीही चित्रांचा तक्ता गुंडाळून एका शाळेत गेले. तिसरी-चौथीची मुलं एका वर्गात दाटीवाटीनं बसवली होती. चाळीस मिनिटांत मी त्यांना स्पर्श शिकवले आणि शेवटी सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणून घेतलं : “नाही म्हणायचं! पळून जायचं! मोठ्यांना सांगायचं!” पोरांना ओरडायला मिळालं म्हणून ती खूष. मुख्याध्यापिकाबाईंनी चहा दिला. संध्याकाळी मी अहवालात ‘लाभार्थी मुले’ या रकान्यात पटसंख्या लिहून टाकली.

त्या वर्गातल्या चौथीच्या एका मुलीनं मी सांगितलं तसंच केलं. दोन-तीन आठवड्यांनी मधल्या सुट्टीत ती आपल्या वर्गशिक्षिकेकडे गेली आणि घरमालकाचा मोठा मुलगा वरच्या खोलीत बोलावून काय करतो ते तिच्या भाषेत सांगितलं. बाई काही दुष्ट नव्हत्या. पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेल्या, मुलांवर जीव असणाऱ्या होत्या. त्या घाबरल्या. “असलं बोलायचं नसतं, कुणी ऐकलं तर?” म्हणाल्या आणि शाळा सुटल्यावर मुलीच्या आईला व्हरांड्यात गाठून, दोन इतर आया उभ्या असताना, सगळं सांगून मोकळ्या झाल्या. आईनं तिथंच मुलीच्या थोबाडीत मारली. आठवड्याच्या आत त्या कुटुंबानं खोली सोडली, मुलीला आजोळी पाठवलं, आणि पटावरचं तिचं नाव कमी झालं.

मला हे कळलं महिन्याभरानं, दुसऱ्या सत्राला गेले तेव्हा. मी आमच्या प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, “ते लोक गेलेच आहेत. आता कळवून काय होणार? शाळेची परवानगी मात्र जाईल.” मी गप्प बसले. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्यानं ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. हे मी स्वतः शिक्षकांना शिकवत होते. आणि मी कळवलं नाही.

त्या मुलीला ‘सांग’ असं मी म्हटलं होतं. ज्यांना ती सांगणार होती, त्या बाईंशी मी पाच मिनिटंसुद्धा बोलले नव्हते. आईला तर मी पाहिलंही नव्हतं.

आता थोडे आकडे, कारण पालकसभेत पहिला प्रश्न हाच येतो की आमच्याकडे असलं कुठं आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली बाल अत्याचाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. बहुतेकांनी ते आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे दरवर्षीचे आकडे पाहा. पॉक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. शेजारी, नातेवाईक, शिकवणीचे सर, व्हॅनवाले काका, वडील. मग ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको’ हा आपला जुना उपदेश किती उपयोगाचा? मूल ज्यांच्यावर विसंबून आहे त्यांच्यापासूनच धोका असेल, तर त्यानं पळायचं कुठं?

शिवाय त्या घोषणेत आणखी एक गोची आहे. आपण नऊ वर्षांच्या मुलीला सांगतो, नाही म्हण. तिनं म्हटलं नाही, तिला म्हणता आलं नाही, तर ती काय समजते? की चूक माझी. ताईंनी शिकवलं होतं, मी केलं नाही. पुढे कधीतरी सांगायचं धैर्य आलंच असतं, तर तेही या अपराधीपणानं जातं. २०१५ साली जगभरातल्या अशा शालेय कार्यक्रमांच्या २४ चाचण्या एकत्र तपासून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की सत्रांनंतर मुलांची माहिती नक्की वाढते, पण त्यामुळे प्रत्यक्ष अत्याचार कमी होतात का, हे त्या चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. म्हणून सत्रं बंद करा असं मी म्हणत नाही. स्वतःच्या रक्षणाची जबाबदारी मुलावर टाकून आपण मोकळ्या होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणून आम्ही क्रम उलटा केला. आधी शाळेतली मोठी माणसं, मग आया-बाप, आणि सगळ्यात शेवटी मुलं. मोठ्यांची दोन सत्रं झाल्याशिवाय मुलांच्या वर्गात पाऊल टाकायचं नाही, हा नियम केला. सुरुवातीला दोन शाळांनी त्यामुळे आम्हाला नकार दिला. येऊ दे नकार.

शाळेतली मोठी माणसं म्हणजे फक्त शिक्षक नव्हेत. शिपाई, सफाई करणारे, खिचडी शिजवणाऱ्या ताई, रिक्षा-व्हॅनवाले, हे सगळे बसले पाहिजेत. खिचडीवाल्या ताईंना मुलांबद्दल जे कळतं ते कित्येकदा वर्गशिक्षकांना कळत नाही. कोण जेवत नाही, कोण घरी जायला टाळाटाळ करतं, कोण एकाएकी चड्डीत शू करायला लागलं, हे त्यांच्या नजरेत असतं. एका शाळेत त्यांना सत्राला बोलवा म्हटलं तर मुख्याध्यापक म्हणाले, “त्यांना काय समजणार?” त्या दिवशी सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले.

शिक्षकांबरोबर पहिला अडसर येतो शब्दांचा. मी त्यांना सांगते, शरीराच्या अवयवांची नावं फळ्यावर लिहू या. डोळा, कान, गुडघा झालं की खडू थांबतो. योनी, शिश्न, स्तन, गुदद्वार हे शब्द चाळीस माणसांच्या खोलीत कुणी उच्चारायला तयार नसतं. एक सर “ऑफिसात काम आहे” म्हणून उठून जातात, आणि असे एक सर प्रत्येक शाळेत असतातच. मग मी विचारते, पोलिसांसमोर, डॉक्टरांसमोर, न्यायालयात मुलानं काय झालं ते सांगायचं कोणत्या शब्दांत? ‘तिकडे’, ‘खाली’, ‘शूच्या जागी’ एवढ्यावर? र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि मराठीत या विषयावर उघड लिहिलं, त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. २००७ साली आपल्याच राज्यानं शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम संस्कृतीच्या नावाखाली थांबवला. ऐंशी वर्षांत आपण कुठून कुठं आलो, हा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

खूपदा या सत्रानंतर कुणीतरी शिक्षिका मागे थांबते. दप्तर आवरल्यासारखं करते. सगळे गेले की म्हणते, “मॅडम, माझ्याच बाबतीत…” आणि पुढे बोलता येत नाही. म्हणून आम्ही आता दोघी जातो. एक सत्र घेते, दुसरी अशा बायकांसाठी मोकळी असते. ज्या बाईनं स्वतःचं कधी कुणाला सांगितलेलं नाही, तिच्यापुढे एखादं मूल येऊन बोललं की तिला ते सहन होत नाही आणि ती त्याला गप्प करते. त्या चौथीच्या मुलीच्या बाईंचं तसंच काही असेल का, हे मला आता कधीच कळणार नाही.

आयांच्या सभेचं वेगळंच. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी, नळाला पाणी नसतं आणि पुरुष घरात नसतात. पहिली सभा “आमच्याकडं असलं नाही बाई” यावर संपते. दुसऱ्या सभेला कुणी आजी सुरू करतात. एका वस्तीत साठीच्या एक आजी म्हणाल्या, “माझ्या चुलत सासऱ्याला मी सात वर्षं चुकवलं. घरात एकटी राहायचीच नाही. पाण्याला जायची, सरपणाला जायची. सगळ्यांना वाटायचं, सून कामसू आहे.” सगळ्या हसल्या, आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर जो प्रश्न आला तो मी तुमच्यापुढे ठेवते, कारण याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. एक आई म्हणाली, “ताई, माझ्या पोरीनं मला सांगितलं तर मी ऐकीन. पण तिच्या बापाला कळलं, तर तो त्या माणसाला काही करणार नाही. पोरीची शाळा बंद करील आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न लावून देईल.” ती खरं बोलत होती. आपल्याकडे मुलीचं रक्षण म्हणजे मुलीला घरात बसवणं. खेळायला जाऊ नको, एकटी फिरू नको, अंधार पडायच्या आत ये. ज्या घरात अत्याचार होतो त्याच घरात तिला जास्त वेळ ठेवायचं. आपण सुरक्षिततेचं शिक्षण म्हणून जे देतो त्यातून मुलींचं अंगण आणखी आकसत असेल, तर ते शिक्षण कुणाच्या बाजूचं आहे? आता आम्ही आयांच्या सभेत ठरवूनच हे बोलतो, की काही घडलं तर शाळा बंद करायची नाही. शाळा बदलावी लागली तर बदलू, सोबत जाऊ, दाखल्यासाठी भांडू, पण दप्तर काढून घ्यायचं नाही. बचत गटाच्या बैठकीत हे ठरावासारखं लिहून घेतलं तर उपयोग होतो. बायका शब्दाला पक्क्या असतात.

आणि बापांची सभा? रविवारी सकाळी, चार ठिकाणी प्रयत्न केला. दोन ठिकाणी पाच-सहा जण आले. आम्हाला अजून ते नीट जमलेलं नाही. गणपती मंडळाच्या मुलांशी आणि रिक्षा स्टँडवर मात्र बोलणं होतं. तिथे ‘मुलींना वाचवा’ असं बोलू नका, त्यातून नुसते पहारेकरी तयार होतात. त्यांना त्यांच्या लहानपणाचं विचारा. मुलग्यांवरही अत्याचार होतो, हे तिथे पहिल्यांदा कुणीतरी उच्चारतं. एका रिक्षावाल्या दादांनी सगळ्यांसमोर सांगितलं की लहानपणी तालमीतल्या एकानं त्यांच्याशी काय केलं. बाकीचे खाली बघत होते. कुणी थट्टा केली नाही, हेच मला पुष्कळ वाटलं.

मग मुलं. मुलांचं काम खरं तर सोपं आहे, मोठ्यांनी घाण करून ठेवलेली नसली तर.

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हे शब्द आम्ही सोडून दिले. इंजेक्शन दुखतं, पण ते वाईट नसतं. उलट अत्याचार करणारा माणूस गोंजारतो, खाऊ देतो, मोबाईल देतो. मुलाला ते कधीकधी आवडतंही, आणि मग ते गोंधळून जातं की हे वाईट कसं? काही वेळा तर स्पर्शच नसतो. नको ते व्हिडिओ दाखवणं, कपडे काढलेले फोटो मागणं, हेही कायद्यानं गुन्हेच आहेत. म्हणून आम्ही गुपिताबद्दल बोलतो. आईच्या वाढदिवसाची भेट लपवणं हे एक गुपित. ‘हे आपल्या दोघांतच, कुणाला सांगितलंस तर बघ’ हे दुसरं. मुलांना हा फरक झटकन कळतो. हाताचा पंजा कागदावर काढून पाच बोटांवर पाच माणसं लिहायची, ज्यांना आपण सांगू शकतो, हा खेळ तुमच्यापैकी अनेकजणी घेत असाल. त्यात मी एकच भर घालते. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग, दुसऱ्यानं ऐकलं नाही तर तिसऱ्याला. आणि दोनच बोटं भरलेला पंजा दिसला तर त्या मुलाकडे पुन्हा जायचं. मागे एका मुलानं पाचही बोटांवर आपल्या कुत्र्याचं नाव लिहिलं होतं. आम्ही हसलो. घरी येताना मात्र हसू आलं नाही.

मुलांना एक वाक्य मी प्रत्येक सत्रात सांगते, दोनदा सांगते : नाही म्हणता आलं नाही, पळता आलं नाही, खाऊ घेतला, उशिरा सांगितलं, तरी तुझी चूक नाही. वर्षानं सांगितलंस तरी चालेल.

सत्र वर्षातून एकदा घेऊन भागत नाही. पाढे आपण एकदाच म्हणून घेतो का? बालवाडीपासून दहावीपर्यंत वयाला धरून थोडं थोडं आलं पाहिजे. २०२० च्या पॉक्सो नियमांत केंद्र आणि राज्य सरकारांनी मुलांसाठी वयाला अनुरूप असं साहित्य आणि अभ्यासक्रम तयार करावा असं स्पष्ट लिहिलं आहे. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळोवेळी व्हावी, हेही त्यातच आहे. हे नियम हातात घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांना भेटा. आणि अपंग मुलांच्या शाळा, आश्रमशाळा, वसतिगृहं विसरू नका. २०१६ साली बुलढाणा जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेतल्या आदिवासी मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले. घर शंभर कोस दूर आणि ज्यांच्या ताब्यात ती मुलं, तेच अत्याचारी. तिथे पंजावरची पाच बोटं कुणाच्या नावानं भरायची?

हे झालं वर्गातलं. पण घरी आपण काय करतो? पाहुणे आले की पोराला पुढे ढकलतो : काकांना पापी दे, मामाच्या मांडीवर बस, मोठ्यांना नाही म्हणू नये. माझी मुलगी चार वर्षांची असताना आमच्याकडचे एक वयस्कर नातेवाईक तिला उचलायला गेले, ती “नको” म्हणाली आणि सासूबाई म्हणाल्या, “अगं, असं बोलतात का मोठ्यांना?” मी, हे काम करणारी बाई, तिथे दोन मिनिटं काही बोलले नाही, कारण त्या माणसाचा काही वाईट हेतू नव्हता. मग म्हटलं, “आज्जी, तिला नकोय, नमस्कार करेल ती.” सासूबाई दोन दिवस घुश्शात होत्या. मुलांना ‘नाही’ म्हणायला शिकवायचं तर त्याचा सराव अशा साध्या, निरुपद्रवी जागीच होणार ना?

एखादं मूल खरोखर बोललं, की पुढचं तासाभराचं वागणं आधी ठरलेलं हवं. खाली बसा, म्हणजे त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या. त्याला बोलू द्या. “खरं सांगतोयस ना?”, “आधी का नाही सांगितलंस?” हे दोन प्रश्न विचारायचे नाहीत. “कुणाला सांगणार नाही” असं वचनही द्यायचं नाही, कारण ते मोडावंच लागतं. त्याऐवजी “सांगितलंस ते बरं केलंस, ज्यांची मदत लागेल त्यांनाच मी सांगेन” म्हणा. पुन्हा पुन्हा त्याच्याकडून वदवून घेऊ नका. मुख्याध्यापकांसमोर एकदा, संस्थाचालकांसमोर एकदा, असं तर मुळीच नको. ऐकलेलं मुलाच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा.

कायद्यातल्या चार गोष्टी प्रत्येक कार्यकर्तीला तोंडपाठ हव्यात, कारण पोलीस ठाण्यात उभं राहिल्यावर पुस्तिका उघडायला वेळ नसतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो. तो शक्यतो महिला उपनिरीक्षकानं किंवा तिच्या वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, आणि गणवेशात यायचं नाही. मुलाला कुठल्याही कारणानं रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनंच करायची. पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचं. मुलाचं नाव, शाळा, घर, काहीही छापायचं नाही, आणि आपल्या पत्रकातही ते येऊ द्यायचं नाही. आर्थिक मदतीसाठी आपल्या राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, तिचा अर्ज लगेच लावून धरा. १०९८ ही हेल्पलाईन १९९६ साली मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ती सरकारनं थेट आपल्याकडे घेतली आहे, आणि तुमच्या जिल्ह्यात तो फोन कोण उचलतं हे एकदा स्वतः जाऊन बघा.

एक अडचण लपवत नाही. कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि कळवणं सक्तीचं आहे. सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीनं एखाद्या मुलाबरोबर गेलेली असते, तिचे आईबाप याच कायद्याचा दांडका वापरतात. गर्भ राहिलेल्या मुली भीतीनं दवाखान्यात येत नाहीत. त्यावर सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये डॉक्टरांना गर्भपाताच्या बाबतीत मुलीची ओळख उघड न करण्याची मुभा दिली. पण आपण समुपदेशन करणाऱ्यांनी काय करायचं, याबद्दल आपल्या संघटनांत अजून नीट चर्चासुद्धा झालेली नाही.

आता बदलापूर. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेच्या बालवर्गातल्या चार वर्षांच्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्यानं अत्याचार केल्याचं उघड झालं. पालकांना तक्रार नोंदवायला तासन् तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे अडवली. शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतानाच गोळीबारात मेला, आणि काही ठिकाणी पेढे वाटले गेले. त्याच्यावरचा खटला तिथेच संपला. शाळेत कुणाला काय माहीत होतं, कुणी काय दडपलं, हे सगळं साक्षीपुराव्यानं ज्या रीतीनं बाहेर आलं असतं ते आता येणार नाही. पेढे वाटणाऱ्यांना त्याची फिकीर दिसली नाही.

त्यानंतर सरकारनं शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांची पुन्हा आठवण करून दिली. सखी सावित्री समितीचा निर्णय मार्च २०२२ चा आहे. तुमच्या गावातल्या शाळेत जाऊन विचारा, समितीवर कोण आहे? बऱ्याच ठिकाणी कागदावर नावं सापडतील, आणि ज्यांची नावं आहेत त्यांना ठाऊक नसेल. सीसीटीव्ही व्हरांड्यात लागतो. तक्रारपेटीचं विचाराल तर मी पहिला प्रश्न विचारते, किल्ली कुणाकडे? एका शाळेत किल्ली मुख्याध्यापकांकडे होती आणि ती हरवली होती. आम्ही हट्टानं कुलूप तोडायला लावलं. आत चॉकलेटचे कागद, एक तुटकी पेन्सिल आणि तीन चिठ्ठ्या. तिन्ही वेगवेगळ्या अक्षरांत, एकाच गोष्टीच्या : मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. कडीला किती खर्च येतो, मैत्रिणींनो? तीन पोरींनी लिहून सांगितलं होतं आणि वर्षभर ते कुलपात होतं.

शेवटी थोडं आपल्याबद्दल. आपली चळवळ मथुरेपासून उभी राहिली असं आपण सांगतो. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत तिच्यावर बलात्कार झाला, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, १९७९ चं खुलं पत्र, मोर्चे, आणि १९८३ चा कायद्यातला बदल. हा सगळा इतिहास मी विद्यार्थी असताना पाठ केला. पण तिचं वय १४ ते १६ च्या दरम्यान होतं, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. संमती, पोलीस, कायदा यावर आपण बोललो, ते बोलायलाच हवं होतं. ती मूल होती, हे मात्र आपल्याही बोलण्यात मागे राहिलं.

आजही आपल्या सल्ला केंद्रात नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन बाई येते. आपण तिचं दोन-दोन तास ऐकतो. तिची मुलं बाहेर बाकावर बिस्किटाचा पुडा घेऊन बसलेली असतात. त्यांना आपण नाव आणि इयत्ता विचारतो, तेवढंच. त्या घरात त्यांच्यावर काय गुजरतंय, हे विचारणारं आपल्या केंद्रात कुणी आहे का? आमच्या केंद्रात नव्हतं. गेल्या दोन वर्षांपासून एक कार्यकर्ती फक्त त्या बाकावर बसते. रंग, कागद, काही खेळ. पहिल्या वर्षी तिच्याकडे जे आलं ते पाहून आम्हालाच आमचे जुने अर्ज पुन्हा उघडावेसे वाटले.

वस्तीत काम करणाऱ्यांसाठी एक साधी रीत सांगून थांबते. मुलांकडून वस्तीचा नकाशा जमिनीवर रांगोळीनं काढून घ्यायचा : नळ, मंदिर, दुकान, सार्वजनिक संडास, शिकवणी, गिरणी. मग प्रत्येकाला दोन रंगांच्या टिकल्या द्यायच्या. जिथे बरं वाटतं तिथे हिरवी लावायची, जिथे भीती वाटते तिथे लाल. कारण विचारायचं नाही, नाव विचारायचं नाही. मुलींचा नकाशा वेगळा, मुलग्यांचा वेगळा. आमच्या वस्तीत संडासाच्या मागची अंधारी बोळ लाल होणार हे आम्हाला माहीतच होतं. महापालिकेकडे सहा अर्ज करून तिथे दिवा लागला. पण मुलग्यांच्या नकाशात एका क्रीडा मंडळाच्या खोलीवर अकरा लाल टिकल्या आल्या. मंडळाचे अध्यक्ष आमच्या कार्यक्रमांना मंडप फुकट देतात. त्या रात्री आमची बैठक दीड वाजेपर्यंत चालली. दोघींचं म्हणणं होतं, पुरावा काय, टिकल्याच तर आहेत. मी त्यांना ती चौथीतली मुलगी सांगितली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दोन कार्यकर्त्या त्या मुलांबरोबर रोज संध्याकाळी मैदानावर जायला लागल्या. सतराव्या दिवशी एक मुलगा बोलला. या वेळी आम्ही कळवलं. खटला चालू आहे, मंडप बंद झाला आहे, आणि वस्तीतली काही घरं आमच्याशी बोलत नाहीत.

नकाशाची पद्धत, शिक्षक-सत्राचा आराखडा आणि पंजाचे कागद बाहेर ठेवले आहेत. शाळा जूनमध्ये उघडतात. त्याआधी आपापल्या भागातल्या निदान एका शाळेत जाऊन तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे आहे आणि संडासाला कडी आहे का, एवढं बघून या, आणि जे दिसेल ते मला पत्रानं कळवा.